वकिली करताना बदलत्या कायद्यांचा अभ्यास कसा चालू ठेवायचा?

तुमचा प्रश्न असा: ठाण्यात दहा वर्षं मिश्र प्रॅक्टिस, थोडं फौजदारी, थोडं दिवाणी, मधूनमधून फ्लॅटची कामं. कायदे भराभर बदलताहेत. वकिलांना काही सक्तीचं प्रशिक्षण आहे का, आणि नसेल तर महागडे ऑनलाइन कोर्स घ्यावेत का?

सक्तीचं काही नाही. डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू ठेवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. आपण मात्र सनद घेतली, ऑल इंडिया बार एक्झाम दिली, की पुढे जन्मभर कुणी विचारत नाही. व्याख्यानं होतात, मीही जाते, पण निम्मा वेळ शाल-श्रीफळात जातो आणि उरलेल्यात वक्ते स्वतःच्या जुन्या केसेस सांगतात.

मी कोर्ट नाक्यावर एकवीस वर्षं आहे. माझ्या मते विषय धरून अभ्यास करायला बसलात तर तो होणारच नाही. फाइल धरून करा. हातातलं मॅटर ज्या कलमावर उभं आहे ते कलम बेअर ॲक्टमधून (भाष्य नसलेल्या मूळ कायद्याच्या पुस्तकातून), परंतुकांसकट म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या अपवादांसकट आणि शेवटच्या अनुसूचीसकट (कायद्याला जोडलेल्या परिशिष्टासकट) वाचा. अनुसूचीचं नाव मी मुद्दाम घेते आहे. माझीच फजिती सांगते.

१ जुलै २०२४ ला नवे तीन कायदे (न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम) लागू झाले, तेव्हा सगळ्यांनी जुन्या-नव्या कलमांचे तक्ते पाठ केले. खुनाच्या ३०२ चं १०३, फसवणुकीच्या ४२० चं ३१८, अटकपूर्व जामिनाचं ४३८ चं ४८२. (गंमत म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार. ते आता ५२८ झालंय. जुने सीनिअर अजून ‘फोर एटी टू’ म्हणाले की ज्युनिअर चाचरतात.) मीही तक्ता केला, त्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राच्या ६५-ब च्या पुढे ‘६३’ लिहिलं आणि निवांत झाले. त्या दिवाळीनंतर एका सोसायटीच्या पार्किंगच्या भांडणात दावा लावला, सोबत सीसीटीव्हीचा पेन ड्राइव्ह. सेक्रेटरीची सही घेतलेलं प्रमाणपत्र कॉम्प्युटरमधल्या जुन्या नमुन्यावरून काढलं, फक्त कलम बदललं. समोरचा वकील माझ्या निम्म्या वयाचा. त्याने उठून अनुसूची वाचून दाखवली: आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि दोन्हीकडे फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून निघणारा ओळख-क्रमांक) लिहायची. माझ्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. साहेबांनी नवं प्रमाणपत्र द्यायला मुदत दिली, एवढंच नशीब.

हॅश म्हणजे काय हे मला त्या संध्याकाळी माझ्या ज्युनिअरने शिकवलं. फाइलचा तो अंगठ्याचा ठसा समजा. व्हिडिओतली एक चौकट जरी बदलली तरी ठसा वेगळा येतो. एसएचए-२५६ हा हॅशचा एक प्रकार, तो विंडोजवर एका ओळीच्या कमांडने निघतो. तज्ज्ञ नेमका कुणाला म्हणायचं, यावर बाररूममध्ये अजून वाद घालता येतो. मग मी मागे जाऊन सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा, याच प्रमाणपत्रावरचा खोतकर-गोरंट्याल निकाल पूर्ण वाचला. जालन्याची निवडणूक, उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतल्याचा आरोप आणि निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच, हे त्यातून पक्कं झालं. हेडनोट (निकालाच्या वर छापलेला सारांश) मी आधी दहा वेळा वाचली होती. पण प्रमाणपत्र देणारा टाळाटाळ करत असेल तर कोर्टाकडे अर्ज करून ते मागवता येतं, हे उपयोगाचं वाक्य मला पूर्ण निकाल वाचतानाच सापडलं.

तक्त्यात न दिसणारा दुसरा बदल म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २२३. खासगी तक्रारीत कोर्टाने दखल घेण्याआधी आरोपीला ऐकायचं. चेक बाउन्सच्या तक्रारींत यावरून बराच घोळ झाला. तिथे ही पायरी नको, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं.

आता तुमच्या ‘फ्लॅटच्या कामां’बद्दल. तिथे धोका शेजारच्या कायद्याचा असतो. घोडबंदर रोडला ताबा रखडलेला अशील येतो. आपण महारेरातून (राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणातून) व्याजासकट परताव्याचा आदेश मिळवतो, वसुलीसाठी कलेक्टर ऑफिसच्या खेपा सुरू होतात. तेवढ्यात बिल्डर दिवाळखोरीसाठी एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) जातो आणि दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ ने वसुली जागच्या जागी थांबते. आता दिवाळखोरीचं काम बघणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे फॉर्म सीए (घर घेणाऱ्यांसारख्या धनकोंचा दाव्याचा नमुना) भरून दावा मुदतीत नोंदवायला हवा. जाहीर नोटीस पेपरात येते, अशील पेपर वाचत नाही, आणि आपण म्हणतो ‘मी रेराचं काम करतो, एनसीएलटीचं नाही’. रेराचा आदेश हातात असला तरी घर घेणारा वित्तीय धनकोच (कर्ज देणाऱ्याच्या बरोबरीचा येणेकरी) राहतो, त्याला वेगळ्या रांगेत ढकलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये विशाल चेलानी प्रकरणात म्हटलंय. हे माहीत नसेल तर आपल्याच अशिलाला आपण मागे ठेवतो.

म्हणून आम्ही चौघांनी एक सोय केली. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी, तेव्हा मामलेदारची मिसळ आणि दीड तास. एक फौजदारीवाला, एक सहकार कायद्यातला, एक कौटुंबिक न्यायालयातली मैत्रीण आणि मी. प्रत्येकाने आपली चालू फाइल मांडायची, बाकीच्यांनी विचारायचं, ‘हे माझ्या कायद्यात कुठे अडकेल?’ बावळट प्रश्न बिनधास्त विचारता येतात, हा मोठा फायदा.

पैशांचं म्हणाल तर कोर्स एकाच अटीवर घ्या: तुम्ही लिहिलेला मसुदा कुणीतरी लाल पेनाने तपासून परत देणार असेल तर. नुसते व्हिडिओ नकोत. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या न्यायालयाच्याच संकेतस्थळावर फुकट आहेत. एआयला विचारून सायटेशन (निकालाचा संदर्भ) काढत असाल तर तो निकाल उघडून बघितल्याशिवाय कोर्टात देऊ नका. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली अस्तित्वातच नसलेले निकाल दिल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला होता.

वेळ कुठून काढायचा? वाशी कोर्टाची तारीख असेल (ते बेलापूरला आहे, हे दर नव्या अशिलाला सांगावं लागतं), तेव्हा मी ठाण्याहून पनवेल लोकल पकडते. जाताना एक निकाल, येताना झोप.

आणि १ जुलै २०२४ नंतरच्या एखाद्या दाव्यात तुम्ही व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जोडले असतील तर पहिली फाइल तीच घ्या. भाग ब वर सही कोण करणार, ते पुढच्या तारखेआधी ठरवा.