टेकडीवर पाठवू का, पडला तर?

पावसाळा आला की पालकांचा हा प्रश्न सुरूच होतो. प्लेग्रुपवाले मुलांना टेकडीवर नेणारेत, चिखलात खेळवणारेत, पाठवायचं का, पडला-लागलं तर काय.

पुण्यातल्या बाणेरच्या एक आई माझ्याकडे क्लिनिकमध्ये यायच्या, मुलगा साडेचार वर्षांचा, मातीला हात लावत नाही, बागेतही कडेवरच बसायचं म्हणतो. "मॅडम, तो मुळातच घाबरट आहे हो." मी म्हटलं पुढच्या वेळी क्लिनिकमध्ये नको, सकाळी लवकर वेताळ टेकडीवर या.

मुरमाचा छोटासा उतार आला, आई म्हणाल्या "अरे हळू, पडशील!" आणि तो थांबला. पण त्याने उताराकडे बघितलंच नाही, आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. पुढच्या दगडापाशीही तेच. मी त्यांना म्हटलं, "त्याची नजर कुठे जातेय बघा. रस्ता तो तुमच्या तोंडावर शोधतोय."

जरा वेळ त्या काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मग मी म्हणू तरी काय?"

"विचारा ना त्याला, पाय कुठे ठेवतोस?"

त्यांनी विचारलं, आणि पोरगं पहिल्यांदा खाली बघायला लागलं. एक दगड पायाने ढकलून म्हणाला "हा हलतोय", दुसरा घट्ट निघाला, मग चक्क ढुंगण टेकलं आणि घसरत खाली. वर चढला, परत घसरला, हात-चड्डी सगळं बरबटलेलं. आई ओढणी तोंडाशी धरून उभ्या, एक शब्द नाही. इतक्या वर्षांत मला खात्री पटलीय की धोक्याचा अंदाज मुलाला सांगून येत नाही, तो अंगानेच यावा लागतो, आणि आपली भीती मध्ये आली की त्याचं शिकणं तिथेच थांबतं.

मुलांना असं बाहेर मातीत शिकू देणं हे काही परदेशी फॅड नाही बरं का. डहाणूजवळच्या कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या, म्हणजे शाळाच कुरणात नेली.

म्हणून काहीही चालेल असं नाही. टेकडीवरच्या खाणीच्या पाण्यापाशी मुलाचा हात सोडायचा नाही, दगडाखाली किंवा पाचोळ्यात हात घालू द्यायचा नाही, साप-विंचू असतात. फुल पँट, बूट घाला, खाजकुयलीच्या शेंगा स्वतः ओळखायला शिका. एवढं तुम्ही सांभाळा, बाकीचं त्याला बघू द्या. आणि मूल सपाट जमिनीवरही सारखं अडखळत असेल किंवा माती लागली की आवरेनासं रडत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, तिथे टेकडीची घाई नको.