‘मागी’ म्हणजे कोण, आणि ‘तीन राजे’ आले कुठून?

प्रश्न असा आहे: मराठी बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बाळ येशूला भेटायला ‘मागी लोक’ येतात. नाताळच्या गोठ्यात मात्र मुकुट घातलेले तीन पुतळे असतात आणि सगळे त्यांना ‘तीन राजे’ म्हणतात. ‘मागी’चा ‘मागणे’शी काही संबंध आहे का? की ‘ज्ञानी पुरुष’ म्हणणं जास्त बरोबर?

‘मागणे’शी संबंध नाही. कानाला तसं वाटतं खरं, शिवाय हे लोक देणारे आहेत, मागणारे नव्हेत. मूळ शब्द जुन्या पर्शियनमधला ‘मगु’, म्हणजे इराणी पुरोहितवर्गातला माणूस. इराणचा प्राचीन सम्राट दारयवहू (दरायस) ह्याच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात गादी बळकावणाऱ्या गौमाताला ‘मगुश’ म्हटलं आहे. ग्रीकांनी त्याचं ‘मागोस’ केलं, अनेकवचन ‘मागोई’. लॅटिनमध्ये ‘मागुस’ आणि ‘मागी’. मराठीत आहे ते लॅटिन अनेकवचनाचं रूप.

पण हा शब्द आपल्याकडे मिशनऱ्यांच्या कितीतरी आधी येऊन गेला होता. शाकद्वीपातून आलेले सूर्याचे पुजारी म्हणून भविष्यपुराणात ज्यांची कथा येते ते ‘मग’ ब्राह्मण म्हणजे हाच शब्द. वराहमिहिरानेही बृहत्संहितेत सांगून ठेवलंय की मूर्तिस्थापनेचं काम विष्णूचं असेल तर भागवतांनी करावं, सूर्याचं असेल तर मगांनी. मत्तयाचे मागी आणि वराहमिहिराचे मग हे शब्दाच्या नात्याने चुलतभाऊ आहेत.

‘मागी’ला ‘लोक’ का जोडलंय, हे व्याकरणाच्या बाजूने पाहण्यासारखं आहे. विभक्ती लावायची झाली तर ‘धोब्यांनी’सारखं ‘माग्यांनी’ करायचं की ‘मागींनी’? दोन्ही खटकतात. ‘मागी लोकांनी’, ‘मागी लोकांना’ म्हटलं की प्रश्नच मिटतो. तोटा एवढाच की ‘लोक’मुळे ती एखादी जमात वाटते. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने प्राचीन इराणातल्या मीड लोकांच्या सहा जमातींत एक मागोई अशी दिली आहे हे खरं, पण मत्तयाच्या काळापर्यंत शब्दाचा अर्थ बराच पसरला होता. स्वप्नांचा अर्थ लावणारा, तारे वाचणारा, आणि वाईट अर्थाने मंत्रतंत्र करणारा, भोंदू. इंग्रजी ‘मॅजिक’ ह्याच मुळातून आला.

आता ‘ज्ञानी’कडे. प्रेषितांची कृत्ये १३:६ मध्ये सायप्रस बेटावर प्रेषित पौलाला आडवा येणारा बर्येशू आहे. मराठीत तो ‘जादूगार’ आहे, ग्रीकमध्ये मात्र ‘मागोस’. शब्द तोच! बेथलेहेमला आले ते ज्ञानी, पौलाला आडवा आला तो जादूगार. हा फरक भाषांतरकारांच्या मनातला आहे. ‘ज्ञानी पुरुष’ ही जुन्या इंग्रजी बायबलची छाया, आणि त्यात मूळ गोष्टीतला झटका निघून जातो. यहुदी वाचकाच्या दृष्टीने ताऱ्यांवरून भविष्य सांगणारा परदेशी माणूस आदरणीय नव्हता. शास्त्र पाठ असलेले यरुशलेमचे शास्त्री पाच-सहा मैलांवरच्या बेथलेहेमला जात नाहीत आणि हे परके ज्योतिषी जातात, असं मत्तय सांगतोय. म्हणून माझं मत: ‘मागी’ ठेवावं आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘पूर्वेकडचे ज्योतिषी’ असा खुलासा जोडावा. ‘ज्ञानी’ हा शेवटचा पर्याय.

ताऱ्याचंही असंच. ‘पूर्वेस आम्ही त्याचा तारा पाहिला’ हे वाक्य वाचून माणूस गोंधळतो: तारा पूर्वेला, मग हे पश्चिमेला कसे निघाले? ग्रीक शब्द आहे ‘अनातोले’, मूळ अर्थ ‘उगवणे’. दिशा सांगताना तो सहसा अनेकवचनात येतो, जसा मत्तय २:१ मध्ये ‘पूर्वेकडून’साठी आलाय. पुढच्याच वचनात तो एकवचनी आहे. तिथे ‘त्याचा तारा उदय पावताना पाहिला’ असं केलं तर अर्थ सरळ लागतो, आणि ‘उदय’ हा आपल्या ज्योतिषाचाच शब्द आहे.

बाकी राहिले ‘तीन’ आणि ‘राजे’. मत्तय आकडा देतच नाही. अनेकवचन आहे, म्हणजे दोन तरी होते, एवढंच. तीन हा आकडा सोने, ऊद आणि गंधरस ह्या तीन भेटींवरून पडला. रोमच्या भुयारी दफनभूमींतल्या जुन्या चित्रांत कुठे दोन दिसतात, कुठे चार. सिरियाई परंपरेत तर बारा. गास्पार, मेल्खिओर, बाल्थासार ही नावं बायबलात कुठेच नाहीत. इटलीतल्या राव्हेन्नाच्या सहाव्या शतकातल्या भित्तिचित्रात ती डोक्यांवर लिहिलेली दिसतात.

राजेपण आलं ते जुन्या करारातून. स्तोत्र ७२ मध्ये शबा आणि सबाचे राजे नजराणे आणतात. यशया ६० मध्ये राष्ट्रांचे राजे प्रकाशाकडे येतात आणि शबाहून सोनं नि ऊद येतं. ही वचनं मत्तयाच्या गोष्टीला जोडली गेली. इ.स. २०० च्या सुमारास ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन मागींना ‘जवळजवळ राजे’ म्हणतो. पुढे ‘जवळजवळ’ गळून पडलं. उंटही यशयाच्याच सहाव्या वचनातून आलेत. मत्तयाकडे उंट नाही, घोडा नाही, कुठलंच जनावर नाही.

पोर्तुगिजांनी दोन्ही शब्द एकत्र ठेवले: ‘रेइस मागोस’, म्हणजे ‘मागी राजे’. मांडवीच्या मुखावर बार्देशात उभा असलेला रेइस मागोसचा किल्ला आणि पायथ्याचं चर्च ह्यांचं नाव तेच. तिथे, तसंच चांदोर आणि कासावलीला ६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त होतं, कोंकणीत ‘तीन रायांचें फेस्त’. म्हणजे गोव्याच्या पोर्तुगीज नावात ‘मागी’ शिल्लक आहे, कोंकणी नावात फक्त ‘राय’ उरले. फेस्ताचं नाव म्हणून ‘तीन राजे’ अगदी योग्य. ते कोणी ‘सुधारायला’ जाऊ नये. चूक होते ती ‘मत्तय म्हणतो की तीन राजे आले’ असं लिहिताना.

गोठ्याची गफलत वेगळी आहे. गव्हाण लूकच्या शुभवर्तमानातली, मागी मत्तयाचे. लूक २:७ मध्ये बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवतात (स्वच्छ कापडाच्या पट्ट्यांना ‘बाळंते’ हा मराठी शब्द फार नेमका सापडलाय) आणि भेटायला येतात ते मेंढपाळ. मत्तय २:११ मध्ये मागी शिरतात ते ‘घरात’. ग्रीक ‘ओइकिया’, साधं राहतं घर. आणि हेरोद राजा दोन वर्षांपर्यंतची मुलं मारायला सांगतो ते मागींकडून काढून घेतलेल्या वेळेच्या हिशेबाने. म्हणजे काही महिने लोटलेले असू शकतात. मात्र पुष्कळजण पुढे जाऊन म्हणतात की मत्तय ‘पाइदिओन’ म्हणजे लहान मूल म्हणतो, तान्हं बाळ नव्हे, म्हणून येशू तेव्हा चालता-बोलता होता. हा मुद्दा टिकत नाही. लूक २:१७ मध्ये जन्माच्याच रात्रीच्या बाळाला तोच शब्द आहे.

शेवटी भेटींची नावं, कारण नाताळच्या नाटुकलीसाठी खऱ्या वस्तू आणायला निघालेले लोक इथेच फसतात. ‘गंधरस’ हा भाषांतरासाठी घडवलेला शब्द नाही. अमरकोशात बोल आणि गंधरस हे एकाच वस्तूचे पर्याय दिलेत. काष्ठौषधीच्या दुकानात ‘गंधरस’ मागितलात तर दुकानदार तोंडाकडे बघत राहील. ‘हिराबोळ’ मागा. तांबूस-तपकिरी खडे, चवीला कडू, गुग्गुळाच्याच कुळातल्या झाडाचा डिंक. ‘काळा बोळ’ घेऊ नका. तो कोरफडीचा रस आटवून केलेला, काळा चकचकीत असतो, त्याचा इथे संबंध नाही.

‘ऊद’ जास्त अवघड आहे. अरबीत ‘ऊद’ म्हणजे लाकूड, त्यातही अगरूचं सुगंधी लाकूड. मराठीत आला तो धूप घालायच्या राळेचा अर्थ घेऊन, ‘उदबत्ती’ त्यातूनच. मत्तयाची वस्तू आहे ‘लिबानोस’, अरबी ‘लुबान’. मग आपला ‘लोबान’ तरी तोच ना? शब्द तोच, वस्तू नाही. सुमात्राकडून येणाऱ्या वेगळ्याच राळेला अरब ‘लुबान जावी’ म्हणत, आणि बाजारात लोबान किंवा ऊद म्हणून मिळते ती बहुतेक हीच. मत्तयाच्या लिबानोसची सख्खी बहीण हवी असेल तर आपल्या सातपुड्यात वाढणाऱ्या साळईचा डिंक घ्या. झाडाचं कूळ एकच आहे, आणि निखाऱ्यावर टाकला की लिंबाच्या सालीसारखा वास येतो.