निवडणुकीच्या बातम्यांवरून ट्रोलिंग होतंय. संपादक म्हणतात दुर्लक्ष कर. खातं बंद करू का?

तुम्ही लिहिलंय की जिल्हा परिषद निवडणुकीच्या बातम्या एक्स आणि फेसबुकवर टाकायला लागल्यापासून शिव्या येतात, आता छेडछाड केलेले फोटोही फिरताहेत, आणि ‘दुर्लक्ष कर’ म्हणून संपादक मोकळे झालेत. त्या दोन शब्दांसाठी हे उत्तर लिहितेय.

दुर्लक्षानं काय होतं ते २०२१ मध्ये देशानं पाहिलं. जुलैमध्ये गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या संकेतस्थळावर, ‘सुल्ली डील्स’ नावाचं अ‍ॅप आलं. मुस्लिम स्त्रियांनी स्वतःच्या खात्यांवर टाकलेले फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडला होता. त्यांत पत्रकार होत्या. दिल्लीत गुन्हा नोंदला गेला आणि सहा महिने एकालाही अटक झाली नाही. मग १ जानेवारी २०२२ ला ‘बुली बाई’ आलं. तोच प्रकार, या वेळी शंभराहून जास्त स्त्रिया. मुंबई सायबर पोलिसांनी चारपाच दिवसांत बंगळूरु आणि उत्तराखंडमधून विशीच्या आसपासची मुलं उचलली. त्यानंतर त्याच महिन्यात पहिल्या अ‍ॅपच्या प्रकरणातही दिल्ली पोलिसांनी इंदूरहून एकाला अटक केली. म्हणजे माग काढता येत होता. पहिले सहा महिने कुणी पकडलं गेलं नाही, म्हणून दुसऱ्यांना धीर आला, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच प्रकरणातली आणखी एक गोष्ट तुमच्या उपयोगाची. अ‍ॅपचा प्रचार करणाऱ्या खात्यांना शीख वाटतील अशी नावं दिली होती, दिशाभूल करण्यासाठी. म्हणून तक्रारीत ‘अमुक पक्षाचे कार्यकर्ते’ असं अंदाजानं लिहू नका. ‘अनोळखी इसम’ लिहा आणि खात्याचा पत्ता द्या. अंदाज चुकला तर समोरचा वकील तेवढंच धरून बसतो.

आता क्रम. बहुतेक जणी आधी रिपोर्ट आणि ब्लॉक करतात, आणि तिथेच प्रकरण हातचं जातं. कंपनीनं पोस्ट काढली की तुमच्याकडे उरतो एक कापलेला स्क्रीनशॉट. आधी जपणूक, मग तक्रार, मग रिपोर्ट, ब्लॉक सगळ्यात शेवटी. स्क्रीनशॉटमध्ये पोस्टची पूर्ण लिंक, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. म्हणून शक्यतो संगणकाच्या ब्राउझरमधून घ्या. सोबत स्क्रीन रेकॉर्डिंग करा: प्रोफाइल उघडा, खाली त्या पोस्टपर्यंत जा, लिंक दाखवा. हँडल एका मिनिटात बदलता येतं, खात्याचा अंकी आयडी बदलत नाही, तो टिपून ठेवा. या फाइल्स स्वतःलासुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. चित्र दाबलं जातं आणि मूळ तपशील निघून जातो. पेनड्राइव्हवर घ्या, प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) काढून कागदावर लिहा. डिजिटल पुरावा कोर्टात चालावा म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र देताना ही हॅश लागते. धमकी ज्या फोनवर आली तो फोन विकू नका, रीसेटही करू नका.

तक्रार केंद्र सरकारच्या cybercrime.gov.in पोर्टलवर नाव देऊन करा. निनावी पर्याय निवडला तर पुढे काय झालं ते पाहता येत नाही. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. सी-व्हिजिल अ‍ॅप आचारसंहितेच्या भंगासाठी आहे, तिथे ही तक्रार घालून दिवस वाया घालवू नका.

पोलिस ठाण्यात अर्जाच्या डोक्यावर ‘बदनामी’ लिहिलंत तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) हातात देऊन परत पाठवतील, कारण भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ अदखलपात्र आहे. नुसत्या धमकीचंही बहुधा तेच होतं. लैंगिक शेरे असतील तर कलम ७५ आणि ७९, नको सांगूनही कुणी वारंवार संपर्क साधत असेल तर ७८, अश्लील चित्रासाठी आयटी कायद्याचं ६७ किंवा ६७-अ. ही दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागतो. ७८ साठी ‘मला संपर्क करू नका’ असं एकदाच, लेखी कळवा आणि नंतर एक अक्षरही उत्तर देऊ नका. आयटी कायद्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करतो, त्यामुळे ठाणे अंमलदाराशी वाद न घालता निरीक्षकांना भेटा. हद्द आमची नाही म्हणाले तर झीरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा. नकारच आला तर पोलिस अधीक्षकांना लेखी अर्ज आणि त्यानंतर दंडाधिकारी.

छेडछाड केलेल्या फोटोंसाठी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला वेगळा मेल करा. २०२१ च्या आयटी नियमांनी असा मजकूर काढायला तक्रारीपासून २४ तासांची मुदत घातली होती, २०२६ च्या दुरुस्तीनं ती आणखी कमी झाली. काढलेला मजकूर तपासासाठी १८० दिवस जपायचा, हेही त्याच नियमांत आहे. ते मेलमध्ये ठळक लिहा, कारण पोलिसांचं पत्र कंपनीपर्यंत पोचायला कधीकधी महिने लागतात.

खातं बंद करायचं का? मी म्हणेन नको. एक्सवर खातं निष्क्रिय केलं की ३० दिवसांनी ते कायमचं जातं, आलेले मेसेजही तुमच्या हातून जातात. प्रतिसाद मर्यादित करा, अनोळखी मेसेज बंद करा, इनबॉक्स काही दिवस सहकाऱ्याला वाचायला द्या. आणि ज्यांनी राजकारणात तोंड उघडलं त्या सगळ्याच बायकांवर हे येतं: २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ९५ महिला राजकारण्यांचा उल्लेख असलेली एक लाखाहून अधिक ट्विट अ‍ॅम्नेस्टी इंडियानं तपासली, तेव्हा सातातलं एक शिवीगाळीचं किंवा आक्षेपार्ह निघालं. दोष तुमच्या बातमीचा नाही.

राहता राहिले संपादक. बातमीखाली तुमचं हँडल छापतं कोण? लाइव्ह करायला पाठवतं कोण? मग त्या हँडलवर येणारा लैंगिक छळ तुमची खासगी भानगड कसा? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १९ नुसार स्त्रीला फौजदारी तक्रार करायची असेल तर मदत करणं हे मालकाचं कर्तव्य आहे. त्या कलमाचा उल्लेख करून संपादक आणि व्यवस्थापन दोघांना मेल करा, तोंडी बोलू नका. दहापेक्षा कमी माणसांचं कार्यालय असेल तर या कायद्याखालच्या तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. धमकीत घराचा पत्ता, मुलांची शाळा किंवा तुमची येण्याजाण्याची वेळ आली असेल तर वरचा क्रम सोडा. आधी ११२ लावा, त्या रात्री दुसरीकडे राहा. स्क्रीनशॉट तिथून घ्या.