मानेच्या फ्रॅक्चरची कॉलर रात्री काढली तर चालते का?

निपाणीहून आलेला प्रश्न असा आहे: वडील, वय ६८, न्हाणीघरात घसरून पडले. सी-२ म्हणजे मानेच्या वरून दुसऱ्या मणक्याला फ्रॅक्चर, बारा आठवडे कॉलर. रात्री काढावी का? आणि पडल्यावर घरच्यांनी उचलून खुर्चीत बसवलं, ते चुकलं का?

रात्री काढायची नाही. जागेपणी दुखलं की माणूस मान वळवायची थांबवतो, झोपेत ते भान नसतं. आणि कॉलर म्हणजे कडक, पुढचा-मागचा भाग वेगळा असलेली, हनुवटी टेकते ती. मेडिकलमधला स्पंजचा पट्टा फ्रॅक्चर धरून ठेवत नाही, तो नुसता आठवण करून देतो.

आता दुसरा प्रश्न. होय, चुकलं. पण ते तुमच्या एकट्या घराचं नाही, या सगळ्या भागाचं चुकतं. ऊस सुरू झाला की चिकोडी, रायबाग, अथणीकडं बघा. डोक्यावर मोळी घेऊन गडी फळीवरून ट्रॉलीत चढतो, फळी दवानं ओली, पाय सटकतो आणि टाळू आधी जमिनीवर. टाळूवरचा दणका सरळ मणक्यांच्या रांगेत उतरतो आणि मधला एखादा मणका फुटतो. मग दोघे काखेत हात घालतात, एक पाय धरतो, डोकं मागं लोंबतं. कोण पाणी पाजतंय, कोण मान हलवून बघतंय. फुटलेला मणका सरकून मज्जारज्जू दबायचा धोका इथंच. सी-३, ४, ५ मधून श्वासाच्या पडद्याची नस निघते. तिथं किंवा त्याच्या वर रज्जूला मार बसला तर हातापायांबरोबर श्वासही जातो.

करायचं ते एवढंच. १०८ ला फोन लावायचा. एकानं डोक्यामागं गुडघे टेकून, कोपरं जमिनीला लावून, कानांच्या दोन्ही बाजूंनी डोकं धरायचं. नाक बेंबीच्या रेषेत हवं. सरळ करताना दुखलं किंवा अडलं तर ओढायचं नाही, आहे तसंच धरायचं. रुग्ण उलटी करू लागला तर कुशीवर वळवायचं, पण ओंडका वळवतात तसं, खांदा-कंबर-पाय एकदम. चार माणसं लागतात आणि हुकूम डोकं धरणाऱ्याचाच. ऊसतोडीची टोळी बीडची आणि ड्रायव्हर कन्नड असला की मोजणी एक-दोन-तीन का ओंदु-एरडु-मूरु हे आधी ठरवा. अर्धे दोनला उचलतात आणि अर्धे तीनला, तिथंच मान पिळते.

आमच्या मेहुण्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "तो चालत आला होता, फ्रॅक्चर कुठलं!" भावजी, मोडलेल्या मानेनं माणूस चालतो. हाड मोडलेलं असतं, रज्जू अजून शाबूत असतो. म्हणून तर जपायचं. पासष्टीच्या पुढचा माणूस, तीन फुटांवरून पडलेला, डोक्यावर आपटलेला किंवा हातापायांत मुंग्या असलेला, यांतलं एक जरी असलं तरी फोटो निघाल्याशिवाय मान मोकळी करायची नाही. साध्या एक्स-रेत खालचा सी-७ खांद्यांमागं दडतो, सीटी स्कॅन त्यासाठी लागतो.

वडिलांकडं येतो. म्हातारपणी सी-२ चा वर आलेला दातासारखा भाग घरातल्या साध्या पडण्यानंही मोडतो. बुडाशी मोडला तर काही वेळा जुळतच नाही. ऑपरेशनमध्ये पहिले दोन मणके सांधले तर मान वळणं जवळपास निम्मं जातं, म्हणून डॉक्टर आधी कॉलरवर भागतंय का बघतात. बारा आठवड्यांनी पुन्हा फोटो काढल्यावरच पुढचं कळेल, तारीख आत्ताच कोण देणार?

डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर दिवसातून एकदा आडवं झोपवून, एकानं डोकं धरून, दुसऱ्यानं पुढचा भाग काढून हनुवटीखालची कातडी पुसून कोरडी करायची. मागचा भाग कुशीवर वळवून. वॉर्डातल्या सिस्टरांसमोर एकदा करून दाखवा. चट्टा लाल राहिला तर लगेच कळवा. पोक असेल तर सपाट झोपवू नका, डोकं मागं पडतं. दुमडलेल्या चादरीची उंची डॉक्टरांकडून ठरवून घ्या. शर्टाची बटणं लागेनाशी झाली, पाय लटपटले, लघवी अडली तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

एक राहिलं: वर लिहिलेलं सगळं श्वास चालू असताना. श्वास अडकला किंवा गाडी पेटली तर मान दुसऱ्या नंबरावर. तेव्हाही डोकं मागं न करता जबडा दोन्ही कोपऱ्यांतून पुढं ढकलायचा.

आणि तंबाखू, विडी बंद. तंबाखूच्या निपाणीत हे सांगणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, पण तंबाखूनं हाड जुळायला उशीर होतो. न्हाणीघरात दांडी मात्र याच आठवड्यात बसवा, भिंतीत ड्रिल मारून, चिकटवायची नको.