मुंबईत सातव्या मजल्यावर राहतो, जवळ गटारही नाही. तरी मलेरिया कसा झाला?

गटाराला दोष देऊ नका. तिथल्या घाण पाण्यात वाढतो तो डास बहुतेक क्युलेक्स जातीचा, त्याच्यामुळे मलेरिया होत नाही. मुंबईत मलेरिया पसरवणारा मुख्य डास ॲनाफिलीस स्टीफेन्सी. त्याला स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं: विहीर, बांधकामाच्या स्लॅबवर क्युअरिंगसाठी साठवलेलं पाणी, नाहीतर थेट तुमच्या गच्चीतली टाकी. झाकण नीट बसत नसेल किंवा ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नसेल, तर मादी आत शिरून अंडी घालते. टॉर्च मारून बघा. अळ्या पाण्यावर आडव्या पडलेल्या दिसल्या तर ॲनाफिलीस, तिरक्या लोंबकळत असतील तर दुसरा डास. धुराची गाडी येऊन गेली की सोसायटी खूश होते, पण टाकीतल्या अळ्यांना धुराने काहीच होत नाही.

रक्ततपासणीत व्हायवॅक्स (मलेरियाच्या परजीवीचा एक प्रकार) निघाला असेल, तर प्रायमाक्विनचा 14 दिवसांचा कोर्स डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण करा. (गरोदर बाईला हे औषध देत नाहीत.) ताप दोन-तीन दिवसांत उतरतो आणि गोळ्या ड्रॉवरमध्ये पडून राहतात. यकृतात दडलेले परजीवी मग काही महिन्यांनी पुन्हा हुडहुडी भरवतात, नवा डास न चावताही.