तेलसाठ्याचा आकडा आणि त्यामागची सक्ती

प्रश्न : ‘अमेरिकेतील कच्च्या तेलाचा साठा घटला’ ही बातमी जवळजवळ दर आठवड्याला वाचनात येते, आणि त्यामुळे तेलाचे भाव हलल्याचेही त्याच बातमीत सांगितलेले असते. तेथील तेल कंपन्या खासगी आहेत. त्यांच्या टाक्यांमध्ये किती तेल आहे हे सरकारला इतक्या लवकर कळते कसे? आणि कंपन्या खरीच माहिती देतात, यावर विश्वास का ठेवायचा?

उत्तर : सरकारला हे कळते, कारण ते विचारते आणि उत्तर देणे कायद्याने सक्तीचे आहे. ही सक्ती अमेरिकेत पूर्वीपासून होती असे मात्र नाही. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब तेलउत्पादक देशांनी अमेरिकेचा पुरवठा रोखला, तेव्हा देशात नेमके किती तेल शिल्लक आहे या साध्या प्रश्नाचे वेळेवर देता येईल असे स्वतःचे उत्तर सरकारजवळ नव्हते. ब्यूरो ऑफ माइन्स हे सरकारी कार्यालय दरमहा माहिती जमवत असे, पण ती कंपन्यांनी स्वेच्छेने दिलेली असे आणि प्रसिद्ध होईपर्यंत जुनी झालेली असे. आठवड्याचे आकडे होते ते अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल उद्योगाच्याच संघटनेचे. पेट्रोल पंपांसमोर रांगा लागल्या, भाव चढले, आणि टंचाई खरी आहे की कंपन्यांनीच माल दडवला आहे असा संशय सर्वत्र पसरला. जानेवारी 1974 मध्ये सिनेटर हेन्री जॅक्सन यांच्या उपसमितीने बड्या तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना बोलावून त्यांची जाहीर झडती घेतली. माझ्या मते त्या साऱ्या वादंगात सर्वांत मोठी उणीव होती ती सर्व पक्षांना मान्य करावा लागेल अशा आकड्याची. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच वहीवरून निकाल द्यायचा, अशी सरकारची अवस्था झाली होती.

त्याच वर्षीच्या फेडरल एनर्जी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन कायद्याने ऊर्जाविषयक माहिती मागण्याचा आणि ती सक्तीने मिळवण्याचा अधिकार सरकारला दिला. 1977 मध्ये स्वतंत्र ऊर्जा खाते स्थापन झाले, तेव्हा त्या खात्यातच एनर्जी इन्फर्मेशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे ईआयए, हे आकडेवारीचे कार्यालय निर्माण करण्यात आले. त्या कायद्यातील एक तरतूद मला विशेष मोलाची वाटते. या कार्यालयाने तयार केलेली आकडेवारी प्रसिद्ध करण्यापूर्वी तिला सरकारातील अन्य कोणाही अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागत नाही, अगदी ऊर्जामंत्र्यांचीही नाही. सरकारच्या अंगावर येणारा आकडाही त्यामुळे ठरल्या वेळी बाहेर पडतो.

प्रत्यक्ष काम विवरणपत्रांवर चालते. त्यांना क्रमांक आहेत आणि या क्षेत्रात काम करणारे लोक ती क्रमांकानेच ओळखतात. 800 क्रमांकाचे विवरणपत्र रिफायनऱ्यांसाठी, 802 पेट्रोल-डिझेलसारखे तयार पदार्थ वाहून नेणाऱ्या पाइपलाइनसाठी, 803 कच्च्या तेलाच्या साठ्यासाठी, तर 804 आयातीसाठी असते. आठवडा मोजला जातो शुक्रवारी सकाळी 7 वाजेपर्यंतचा. सोमवारी संध्याकाळी 5 पर्यंत विवरणपत्र पोहोचले पाहिजे, आणि बुधवारी सकाळी साडेदहाला सारांश सर्वांसाठी एकाच क्षणी खुला होतो. आठवड्याच्या सुरुवातीला सुट्टी आली की प्रकाशन पुढे सरकते.

शुक्रवारच्या त्या सकाळी एखाद्या टर्मिनलवर, म्हणजे तेल साठवण्याच्या मोठ्या केंद्रावर, काय घडते, ते पाहण्यासारखे आहे. टाकीतील तेलाची उंची मोजपट्टी सोडून किंवा टाकीवर बसवलेल्या उपकरणावरून घेतली जाते. प्रत्येक टाकीचा स्वतःचा तक्ता असतो, त्यावरून उंचीचे घनफळ काढले जाते. मग तेलाचे तापमान पाहिले जाते, कारण तेल उष्णतेने फुगते आणि तेवढेच तेल दुपारी जास्त, पहाटे कमी भरते. म्हणून सर्व घनफळे 60 अंश फॅरनहाइट या एकाच तापमानाला आणली जातात. तेलातील पाणी आणि गाळ वजा होतो. त्यानंतर उरलेला आकडा हजार बॅरलमध्ये लिहिला जातो (एक बॅरल म्हणजे 42 अमेरिकी गॅलन, सुमारे 159 लिटर). तेल कोणाच्या मालकीचे आहे हे रिफायनरीला, पाइपलाइनला किंवा टर्मिनलला विचारले जात नाही, ते कोणाच्या ताब्यात आहे एवढेच विचारले जाते. हा नियम वरकरणी किरकोळ वाटतो, पण टाकी एकाची आणि माल दुसऱ्याचा हा या धंद्यातला नेहमीचा प्रकार आहे, आणि दोघांनीही तोच माल दाखवला असता तर देशाचा साठा कागदावर दुप्पट झाला असता.

आता विश्वासाबद्दल. विवरणपत्र न भरल्यास दिवसागणिक दंड होऊ शकतो, आणि जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा अमेरिकेच्या कायद्यानुसार गुन्हा आहे. तसा इशारा विवरणपत्रावरच छापलेला असतो. तरीही केवळ दंडाच्या भीतीने आकडे खरे राहतात असे मला वाटत नाही. एका कंपनीचा आकडा एकटा कधीच नसतो. तो तिच्याच मागील आठवड्याच्या आकड्याशी आणि तिनेच पुढे भरलेल्या मासिक विवरणपत्राशी ताडून पाहता येतो, आणि न जुळणाऱ्या आकड्याबद्दल कार्यालयातून विचारणा होते. सातत्याने खोटे लिहायचे, तर ते अनेक कागदांवर एकमेकांशी जुळवून लिहावे लागेल.

प्रश्न : साप्ताहिक आकडे आणि नंतर येणारे मासिक आकडे जुळत नाहीत, असे माझ्या पाहण्यात आले. शिवाय तक्त्यात ‘अ‍ॅडजस्टमेंट’ नावाची एक ओळ असते. ती म्हणजे न जुळणारा हिशेब जुळवून दाखवण्याची युक्ती तर नव्हे?

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. साप्ताहिक पाहणी सर्व कंपन्यांची नसते. मोठ्या कंपन्यांपासून सुरुवात करून प्रत्येक बाबीचा सुमारे 90 टक्के भाग व्यापला जाईल इतक्याच कंपन्या तीत घेतात आणि उरलेल्यांचा अंदाज बांधतात. तीन दिवसांत उत्तर द्यायचे असल्याने कंपनीकडे पक्का आकडा नसेल, तर तिने उत्तम अंदाज देणेही चालते. मासिक विवरणपत्रे मात्र संबंधित सर्वच कंपन्यांनी भरायची असतात. त्यांवर आधारलेला अहवाल महिना संपल्यावर सुमारे दोन महिन्यांनी निघतो आणि वार्षिक अहवालात त्याचीही अखेरची दुरुस्ती होते. लवकर हवे असेल तर कमी पक्के मिळणार, हा यातला व्यवहार आहे, आणि तो लपवलेला नाही.

‘अ‍ॅडजस्टमेंट’च्या ओळीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माझ्या दृष्टीने साऱ्या तक्त्यातील सर्वांत प्रामाणिक ओळ तीच आहे. कच्च्या तेलाचे उत्पादन आणि आयात यांची बेरीज, ही रिफायनऱ्यांनी वापरलेले तेल, निर्यात आणि साठ्यात पडलेली भर यांच्या बेरजेइतकी असायला हवी. परंतु या पाच बाबी पाच वेगळ्या वाटांनी येतात. आयात, रिफायनऱ्यांचा वापर आणि साठा यांची माहिती वेगवेगळ्या विवरणपत्रांतून मिळते, निर्यातीची सीमाशुल्क खात्याच्या नोंदींतून, तर साप्ताहिक उत्पादन हा गणिती पद्धतीने काढलेला अंदाज असतो, कारण हजारो विहिरींची माहिती आठवड्याला गोळा करणे अशक्य आहे. अशा पाच आकड्यांचा ताळा तंतोतंत जुळला, तर उलट मला शंका येईल. जो फरक उरतो, तो या ओळीत जसाच्या तसा छापला जातो. पूर्वी या ओळीचे नावच ‘हिशेब न लागलेले कच्चे तेल’ अशा अर्थाचे होते.

फरक कसा पडतो, याचे एक उदाहरण घेऊ. सर्वांत मोठ्या वर्गातील टँकरमध्ये सुमारे 20 लाख बॅरल कच्चे तेल मावते. समजा असा एक टँकर गुरुवारी भरला. टाक्यांमधला साठा शुक्रवारच्या मोजणीत 20 लाखांनी कमी दिसेल, पण निर्यातीची नोंद पुढच्या आठवड्यात झाली तर या आठवड्याच्या हिशेबात ते तेल कुठेच गेलेले नसेल. सात दिवसांनी भागले की दिवसाला सुमारे 2 लाख 85 हजार बॅरलचा खड्डा पडतो, तोही एका जहाजामुळे. पुढच्या आठवड्यात तेवढाच फरक उलट दिशेने दिसतो. म्हणून एका आठवड्याच्या ‘अ‍ॅडजस्टमेंट’वरून काहीही निष्कर्ष काढू नये.

हा फरक महिनोन्‌महिने एकाच दिशेने राहिला, तर गोष्ट वेगळी. 2022 च्या सुमारास तसेच होऊ लागले. विहिरींतून निघाल्याचे दिसत होते त्यापेक्षा जास्त तेल रिफायनऱ्यांत आणि बंदरांवर पोहोचत होते. त्याचा शोध घेतल्यावर एक महत्त्वाचे कारण आढळले. नैसर्गिक वायूसोबत मिळणारे काही द्रवपदार्थ आणि अर्धवट प्रक्रिया झालेली तेले कच्च्या तेलात मिसळली जात होती. मिसळल्यानंतर ती कच्चे तेल म्हणून मोजली जात, पण कच्च्या तेलाच्या पुरवठ्यात त्यांची नोंद कुठेच होत नसे. 2023 पासून तक्त्यात या मिसळीसाठी वेगळी ओळ आली आणि न जुळणाऱ्या फरकाचा मोठा भाग तिने उचलला. न जुळणारा आकडा दडपून इतर ओळींत वाटून टाकला असता, तर मोजणीतील ही उणीव कोणाच्याही लक्षात आली नसती.

प्रश्न : प्रतिस्पर्ध्याला आपला साठा कळावा असे कोणत्याही व्यापाऱ्याला वाटणार नाही. कंपन्यांची गुपिते सांभाळली जातात का?

उत्तर : बहुतांश सांभाळली जातात. साठा आणि उत्पादन यांचे आकडे प्रदेशाची किंवा देशाची बेरीज म्हणून प्रसिद्ध होतात. त्यासाठी देशाचे पाच विभाग पाडलेले आहेत आणि तेही दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग करताना आखलेले. काही माहिती मात्र कंपनीच्या नावानिशी खुली होते : मासिक विवरणपत्रातील आयात आणि वार्षिक विवरणपत्रातील प्रत्येक रिफायनरीची क्षमता. कोणती बाब खुली आणि कोणती गुप्त, हे विवरणपत्राच्या सूचनांमध्येच सांगितलेले असते, हे मला योग्य वाटते.

याच्या जोडीला विचारणाऱ्यावरही बंधने आहेत, आणि त्यांची चर्चा फार कमी होते. सरकारी कार्यालयाला मनात येईल तो प्रश्न कंपन्यांना विचारता येत नाही. कागदी कामाचा बोजा मर्यादित ठेवण्यासाठी केलेल्या कायद्यानुसार प्रत्येक विवरणपत्राला राष्ट्राध्यक्षांच्या अर्थसंकल्प कार्यालयाची मंजुरी लागते, ती जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी असते, आणि त्याआधी प्रस्ताव जाहीर करून लोकांची मते मागवावी लागतात. विवरणपत्र भरायला अंदाजे किती तास लागतील, हेही सांगावे लागते. वैध मंजुरी क्रमांक नसलेले विवरणपत्र भरले नाही म्हणून कोणालाही दंड करता येत नाही. पेट्रोलियम पुरवठ्याची विवरणपत्रेही या फेऱ्यातून पुन्हा पुन्हा जातात, आणि त्या निमित्ताने कालबाह्य प्रश्न गळतात, नव्या इंधनांसाठी नवे रकाने येतात. मागणारा आणि देणारा दोघेही नियमाने बांधलेले असल्यामुळेच ही व्यवस्था इतकी वर्षे टिकली, असे माझे मत आहे.

प्रश्न : बुधवारच्या आकड्यांवरून अमेरिकेत पेट्रोल किती खपले, हे सांगता येते का?

उत्तर : थेट सांगता येत नाही. तक्त्यात असते ती ‘पुरवठा झालेल्या पदार्थां’ची ओळ. रिफायनऱ्या, पाइपलाइन आणि मोठी टर्मिनले यांच्या साखळीतून जेवढे पेट्रोल बाहेर पडले, तेवढे त्या ओळीत येते. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतील आणि लोकांच्या गाड्यांतील इंधन या मोजणीच्या बाहेर राहते. वादळाचा इशारा मिळाला की लोक टाक्या भरून ठेवतात, त्या आठवड्यात ही ओळ चढते आणि पुढच्या आठवड्यात उतरते, जरी गाड्या पूर्वीइतक्याच धावल्या असल्या तरी. म्हणूनच त्या अहवालात चार आठवड्यांची सरासरीही दिलेली असते. वाचायची झाल्यास ती वाचावी.

साठ्याबाबतही एक सावधगिरी बाळगावी. बातमीत येतो तो व्यापारी साठा असतो, सरकारचा राखीव साठा वेगळ्या ओळीत असतो. 2022 मध्ये अमेरिकी सरकारने राखीव साठ्यातून 18 कोटी बॅरल बाजारात आणण्याची घोषणा केली. ते तेल सरकारी साठ्यातून बाहेर पडून खासगी टाक्यांत येत असताना व्यापारी साठा स्थिर किंवा वाढलेला दिसू शकत होता, आणि तरीही देशाचा एकूण साठा घटत होता. त्या काळातील आकडे पाहताना दोन्ही ओळी एकत्र घेतल्याशिवाय चित्र कळत नाही.

प्रश्न : मंगळवारीच एक आकडा बातम्यांत येतो आणि बुधवारी दुसरा. असे का?

उत्तर : मंगळवारचा आकडा अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा असतो. ही संघटना आपली साप्ताहिक पाहणी आजही चालवते, पण तीत माहिती देणे ऐच्छिक आहे आणि तिचा अहवाल वर्गणीदारांसाठी असतो. बुधवारच्या सरकारी आकड्याशी तो पुष्कळदा दिशेने जुळतो, कधी कधी तेवढेही नाही. जून 2022 मध्ये यंत्रणेतील बिघाडामुळे सरकारी अहवाल ठरल्या दिवशी निघू शकला नाही आणि तो पुढच्या आठवड्याच्या अहवालाबरोबर प्रसिद्ध करावा लागला. तेवढे दिवस बाजाराजवळ उद्योगाचाच आकडा होता.