वाचकांचे प्रश्न : दोन दिवसांत ‘साउंड हीलर’ होता येतं का?

मागच्या अंकात मी म्युझिक थेरपीवर, म्हणजे संगीत वापरून करायच्या उपचारांवर, जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते आणि पत्रं आली ती थेट शिकायचं कुठे, किती दिवसांत, सर्टिफिकेट मिळतं का अशी. सगळी छापणं शक्य नाही, पाच निवडलीत, थोडी कापून. नावं कुणाचीच देत नाहीये, गावं तेवढी ठेवलीत.

डोंबिवलीहून : ताई नमस्कार. मी गाण्यात विशारद आहे, घरी चौदा मुलांचा क्लास घेते. मध्यंतरी फोनवर एक जाहिरात आली, साउंड हीलिंगचा दोन दिवसांचा कोर्स, १८ हजार रुपये, त्यात नाद काढायच्या सात वाट्यांचा सेट आणि ‘इंटरनॅशनल’ सर्टिफिकेट. नंतर आपण स्वतः पेशंट घेऊ शकतो म्हणतात. मिस्टर म्हणतात पैसे पाण्यात जातील. करू का?

मिस्टरांची बाजू घ्यायची मला मुळीच हौस नाही, पण या वेळी ते बरोबर आहेत, निदान ‘पेशंट घेऊ शकतो’ या वाक्यापुरते तरी.

माझंच सांगते. मी म्युझिक थेरपीच्या कामात आले तेव्हा वीस वर्षं गात होते आणि मनात पक्कं होतं की गाणं तर येतंच, आता फक्त हॉस्पिटलमध्ये जाऊन गायचं. पहिल्याच आठवड्यात एका वॉर्डात गेले, खिडकीजवळच्या कॉटवर सत्तरीचे एक आजोबा, सलाइन लावलेलं, मी तानपुरा अ‍ॅप सुरू केलं आणि छान डोळे मिटून भैरवीतलं भजन धरलं. दुसऱ्या ओळीला आजोबा म्हणाले, “बाई, माझी भैरवी आत्ताच कशाला घेता?” भैरवीने मैफल संपते हे त्या माणसाला माहीत, मला माहीत, आणि तरी मला सुचलं नाही, कारण माझं सगळं लक्ष माझ्या सुराकडे होतं. बाहेर आल्यावर आमच्या सुपरवायझर बाईंनी एकच विचारलं, तू गात असताना त्यांचा सलाइनचा हात काय करत होता? मी पाहिलाच नव्हता, मूठ आवळली होती म्हणे. पुढचे दोन आठवडे मला गायला बंदी, नुसतं बसायचं, श्वास मोजायचे आणि रात्री वहीत लिहून काढायचं. तेव्हा भयंकर राग आलेला, आता कळतं की माझं खरं ट्रेनिंग तिथून सुरू झालं.

बाकीचं या बघण्यावर उभं राहतं. उदाहरणार्थ आयसो प्रिन्सिपल नावाची एक जुनी गोष्ट आहे, १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या आल्टशुलर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी मांडलेली. माणूस ज्या मनःस्थितीत आहे तिथूनच संगीत सुरू करायचं आणि मग हळूहळू त्याला दुसरीकडे न्यायचं, म्हणजे घाबरलेल्या माणसासमोर एकदम संथ विलंबित लावायचं नाही, आधी त्याच्या धापेच्या लयीत शिरायचं. ऐकायला दोन मिनिटं लागतात, करता यायला मला दीड वर्ष लागलं. अमेरिकेत म्युझिक थेरपिस्ट व्हायला डिग्रीसोबत १२०० तास पेशंटबरोबरचं ट्रेनिंग लागतं आणि मग बोर्डाची परीक्षा. तुमच्या दोन दिवसांत चहा-जेवण धरून सोळा तास झाले.

वाट्यांना माझा विरोध नाही हं. काशाचीच तर ती भांडी, साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील, आणि काशाच्या वाटीने तळपाय घासून घेणं आपल्याकडे आजीच्या काळापासून आहे, त्यात कुणी सर्टिफिकेट वाटत नव्हतं. ‘प्राचीन तिबेटी उपचार’ म्हणून जे विकलं जातं ते बरंचसं १९७० नंतर पश्चिमेत जमवलेलं आहे. तासभर आडवं पडून शांत नाद ऐकला की माणूस सैलावतो, झोपही लागते, त्या अनुभवाचे कुणी माफक पैसे घेतले तर घेवोत. पण वाटीने थायरॉइड जातो किंवा गाठ विरघळते असं म्हणायला लागले की तिथून चपला घालून निघायचं.

तुम्हाला कोर्स करायचाच असेल तर फोन करून एवढं विचारा की शिकवणाऱ्यांनी स्वतः कुणाच्या हाताखाली काम केलंय, पेशंटसोबत किती तास मिळणार, ते तास कोण बघणार, आणि एपिलेप्सी असलेला किंवा पेसमेकर बसवलेला माणूस आला तर काय करायला शिकवता. संगीत ऐकूनच फिट येणारे लोक असतात, दुर्मिळ आहे पण आहे. या शेवटच्या प्रश्नावर समोरून “पॉझिटिव्ह एनर्जी” असं उत्तर आलं तर १८ हजार वाचले समजा.

साताऱ्याहून : आईला मार्चमध्ये स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली, बोलणं बंद. सगळं कळतं तिला पण शब्द निघत नाही, फार तर ‘हे हे’ करते. गणपतीत मात्र आरतीला बसवलं तर अख्खी आरती म्हणाली, शब्द न शब्द! आम्ही सगळे रडलो. मग आता ती बोलेल ना? घरी आम्हाला काही शिकून करता येईल का?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी आरतीचं. बोलण्याचं मुख्य काम बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं आणि तीच बाजू उजव्या हातापायांना चालवते, म्हणून उजवी बाजू आणि वाचा एकदम जाते. पण पाठ झालेलं गाणं नुसतं त्या एका जागेवर अवलंबून नसतं. सूर, ठेका, पुढची ओळ ओढून आणणारी सवय, यात उजवी बाजूही असते. म्हणून आरती आली. याचा अर्थ बोलणं आपोआप येईल असा होत नाही, हे मला सांगावंच लागेल, नाहीतर तुम्ही महिनाभर आरत्याच म्हणून घ्याल आणि ती ‘पाणी’ म्हणत नाही म्हणून खचाल.

पण वाट आहे. १९७३ मध्ये बॉस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या तिघांनी मेलॉडिक इंटोनेशन थेरपी मांडली, ती अशाच लोकांसाठी, ज्यांना समजतं पण बोलता येत नाही. गाण्याकडून बोलण्याकडे पायरी पायरीने यायचं. अमेरिकेतल्या तेव्हाच्या खासदार गॅबी गिफर्ड्स यांना २०११ मध्ये डोक्यात गोळी लागली, वाचा गेली, त्यांच्या उपचारातसुद्धा गाणं होतं.

करायचं कसं ते डोळ्यांसमोर यावं म्हणून सांगते. आईसमोर बसायचं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. तिचा डावा हात, म्हणजे चालणारा, आपल्या हातात घ्यायचा आणि टेबलावर हलकेच टेकवायचा, एका अक्षराला एक टेक. वाक्य रोजच्या गरजेचं, ‘चहा दे’. त्याला चाल बिल लावायची नाही, दोनच सूर, एक खालचा एक वरचा, ‘च’ खाली ‘हा’ वर ‘दे’ खाली, बोलताना आवाज जसा वरखाली होतो तसाच पण ताणून. आधी नुसतं गुणगुणायचं, मग दोघींनी मिळून, मग मध्येच तुम्ही थांबायचं आणि ती पुरं करते का बघायचं, मग तिने एकटीने, आणि शेवटी तुम्ही साध्या आवाजात “काय हवंय?” विचारायचं. हे एका दिवसात नाही होत, एका पायरीला आठवडे जातात. दमली की थांबायचं, आणि चुकलं तर “नाही नाही असं नाही” असं म्हणायचं नाही, मागच्या पायरीवर यायचं.

मात्र हे सुरू करण्याआधी स्पीच थेरपिस्टला दाखवा. तिचं न बोलणं नक्की कुठल्या प्रकारचं आहे त्यावर हे उपयोगी की नाही ते ठरतं, आणि काही वेळा अडचण शब्दाची नसून तोंडाच्या स्नायूंची असते. सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या मेडिकल कॉलेजात चौकशी करा. त्यांच्यासमोर दोन-तीन वेळा करून बघितलंत की घरचं माणूस हे नक्की शिकू शकतं, उलट रोज घरचंच माणूस हवं. आरती बंद करू नका, ती तिच्या आनंदासाठी.

पुण्याहून : मी टीवाय बीए सायकॉलॉजीला आहे, दहा वर्षं तबला शिकतोय. म्युझिक थेरपीत करिअर करायचंय. गायन येत नाही, चालेल का? भारतात कुठे, बाहेर कुठे?

गायन थोडं तरी शिकून घे, पट्टीत गुणगुणता येईल इतपत, पण तबला आहे म्हणून रडू नकोस, तुझ्याकडे लय आहे आणि लयीला या क्षेत्रात फार भाव आहे. कोलोराडोत मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात स्ट्रोक आणि पार्किन्सनच्या लोकांना ठेक्यावर चालवून दाखवलं. पेशंट मिनिटाला स्वतःहून किती पावलं टाकतो ते मोजायचं, समज ६८, तर ठेका ६८ लाच लावायचा आणि तो त्यात बसला की पाच-दहा टक्क्यांनी वाढवायचा. आता तुला वाटेल हे तर मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, पण करेल. करतो की. पण पेशंट वळणावर अडखळला, पाय जमिनीला चिकटला, की तिथे ठेका धरून ठेवायचा की सोडायचा हे मेट्रोनोमला नाही कळत.

शिकण्याचं म्हणशील तर भारतात पुद्दुचेरीला श्री बालाजी विद्यापीठात म्युझिक थेरपीचं शिक्षण आणि संशोधन करणारं सेंटर आहे, मेडिकल कॉलेजच्या सोबत, म्हणजे पेशंट समोर असतात. या वर्षी कुठला कोर्स चालू आहे ते त्यांनाच फोन करून विचार. ब्रिटनमध्ये ‘म्युझिक थेरपिस्ट’ हे नाव कायद्याने राखीव आहे, मास्टर्स करून नोंदणी झाल्याशिवाय दारावर तशी पाटी लावता येत नाही. लंडनमधली नॉर्डॉफ अँड रॉबिन्स ही संस्था प्रसिद्ध आहे, ते नाव एका संगीतकाराचं आणि एका स्पेशल टीचरचं, दोघांनी १९५९ पासून मुलांसोबत वाजवत वाजवत पद्धत उभी केली. अमेरिकेत तर मिशिगनला १९४४ मध्येच याची डिग्री सुरू झाली. खर्च मात्र कुठेही कमी नाही, घरी नीट बोलून घे.

आपल्याकडे तसं राखीव नाव नाही, कुणीही उद्या पाटी लावू शकतो, आणि लावतात. त्यामुळे माझा सल्ला जरा जुनाट वाटेल, आधी असं काहीतरी कर ज्याला इथे मान्यता आहे, क्लिनिकल सायकॉलॉजी किंवा स्पेशल एज्युकेशन, ज्याचं रजिस्ट्रेशन रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे होतं, आणि त्यावर संगीत चढव. पोटाचा प्रश्नही सुटतो.

नाशिकहून : मुलगा पाच वर्षांचा, ऑटिझम आहे. एक सर म्हणतात चाळीस सेशनमध्ये राग-चिकित्सेने बोलायला लागेल, पण तोवर बाकी थेरपी बंद ठेवा, नाहीतर परिणाम मिसळतो. त्यांच्याकडे कुठल्या आजाराला कुठला राग असा चार्ट आहे.

दादा, बाकी थेरपी बंद करू नका. हे वाक्य मी दोनदा लिहिणार होते.

संगीताचा या मुलांवर नीट अभ्यास झालाय. २०१७ मध्ये नऊ देशांतल्या ३६४ मुलांची एक मोठी ट्रायल आली, नेहमीच्या उपचारांसोबत म्युझिक थेरपी दिलेली आणि न दिलेली मुलं पाच महिन्यांनी तपासली, ऑटिझमच्या लक्षणांच्या तीव्रतेत म्हणावा असा फरक दिसला नाही. नंतर २०२२ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २६ अभ्यास एकत्र बघितले, तेव्हा एकूण सुधारणा होण्याची शक्यता वाढते असं दिसलं, पण सामाजिक देवाणघेवाण आणि बोलणं यात ठळक काही नाही. म्हणजे फायदा आहे, माफक आहे, आणि ‘चाळीस सेशनमध्ये बोलेल’ असं सांगणारा माणूस एकतर हे वाचत नाही किंवा वाचून लपवतो. दुसरं जास्त वाईट.

चार्टचं म्हणाल तर दरबारीने झोप आणि अमुक रागाने बीपी असे चार्ट मीही पाहिलेत, त्यांच्या खाली पुरावा कधीच लिहिलेला नसतो. मुलाला ढोलकी आवडत असेल तर रोज दहा मिनिटं त्याच्यासमोर बसा, तो एकदा मारेल, तुम्ही एकदा मारा, मग वाट बघा. तो मान वर करून तुमच्याकडे बघतो का, तेवढंच बघा. फी नाही.

इचलकरंजीहून : ४४० हर्ट्झ हे मुद्दाम लादलेलं बेसूर ट्युनिंग आहे आणि ४३२ वर ऐकलं की आजार बरे होतात असं व्हिडिओत सांगतात. आजीसाठी ४३२ वाली भजनं लावू का?

पाश्चात्त्य वाद्यवृंदाला एकत्र वाजवायला एक ठरलेला सूर लागतो, आणि सुराची सेकंदाला किती कंपनं ते हर्ट्झमध्ये मोजतात, एवढीच ती भानगड. फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ ठरवला होता, १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड म्हणून ४४० आला. आपल्याकडे तर सा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे हलतो, कुणाचा काळी एक, कुणाचा पांढरी पाच, आणि शेजारच्या मिरजेत पिढ्यान् पिढ्या तंबोरे करणारे लोक तंबोरा कुणासाठी हवा ते आधी विचारतात. तुमच्या आजीचा सा कुठल्या व्हिडिओवाल्याला कसा माहीत असणार? पेटी काढा, भजनी मंडळात त्या कुठल्या पट्टीत म्हणायच्या ते विचारा, पांढरी चार म्हणाल्या तर पांढरी चार. आणि मोबाइल उशीजवळ ठेवून मोठ्याने लावू नका, त्यांना ऐकायला कमी येत असेल तर आधी कान तपासून घ्या.